सोनगीर फाट्यावरचा चेहरा

सकाळी साडेदहाला मंजुळाबाई धुळ्यात शेहजादच्या फोटो स्टुडिओची पायरी चढल्या. सोनगीर फाट्यावर एका वृद्धाश्रमाचा मोठा फलक लागला होता. त्यावर त्यांचा चेहरा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘यांना कोणीच नाही.’

“मना आंडोर शे, भाऊ,” त्या मुलाबद्दल म्हणाल्या. “सुरतले शे. फाट्यावर उतरी तर काय म्हनी तो? बठ्ठं गाव माले हसस.”

चार महिन्यांपूर्वी तो फोटो शेहजादनेच काढून वृद्धाश्रमाला दिला होता. त्याने फाइलमधून कागद काढला. फोटो कुठेही वापरायला हरकत नाही, असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली मंजुळाबाईंचा अंगठा होता.

“मी ते फोटो भेटी म्हनीसन अंगठा दिधा.”

रेशनच्या दुकानात अंगठा दिला की पिशवीत धान्य पडतं. फोटोचंही तसंच असेल, असं समजून त्यांनी चार महिने वाट पाहिली होती.

शेहजाद वरमला. त्याने वृद्धाश्रमात फोन लावला. फलक उतरवू, पण मुलगा आहे हे मुलाने स्वतः फोन करून सांगायला हवं, असं तिकडचे व्यवस्थापक म्हणाले.

मंजुळाबाईंनी कमरेच्या बटव्यातून मुलाच्या नंबराची चिठ्ठी काढून दिली. घडीवर ती फाटायला आली होती. शेहजादने पाचदा नंबर लावला. रिंग पूर्ण वाजून थांबत होती.

“कामवर व्हई तो,” त्या म्हणाल्या.

“बसा अक्का, परत लावतो.”

दुपारी चारला त्यांनी सोनगीरची बस धरली. सोबत फोटोच्या दोन प्रती होत्या, एक मुलासाठी. स्टुडिओ बंद होईपर्यंत सुरतहून फोन आला नव्हता.