अजून न संपलेला इतिहास

थोरली साडीला इस्त्री करत होती आणि आई तिच्यामागे भुणभुण लावून होती, की परिषदेला ही फिकी साडी नको, जरा उठावदार नेस. थोरली महाविद्यालयात इतिहास शिकवत असे. प्रादेशिक इतिहासाच्या परिषदेत आज तिला निबंध वाचायचा होता. आत धाकटी होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर खिदळत होती. तिचं लग्न तोंडावर आलं होतं. वडील गेल्यापासून घराला असं हसू फुटलंच नव्हतं.

तेवढ्यात मोठे पंच आले. समाजातली लग्नं, भांडणं, वाटण्या, सगळं यांच्या शब्दावर चाले. आईने पाणी पुढे केलं. त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

"निबंधात आपल्या समाजाचं नाव आहे म्हणे?"

"आहे, काका. आपले पंच माणसं कशी वाळीत टाकत आले, त्यावरच निबंध आहे."

"नाव गाळ."

"मग उरतं काय?"

"काय उरतं ते आईला विचार. धाकटीच्या लग्नाला कुत्रं फिरकायचं नाही. मुलाकडचेही आपलेच आहेत, विसरू नकोस."

ते गेल्यावर आई उसळली. "सगळ्या जगात तुला हाच विषय सापडला? तुझ्या आत्याचं व्हायचं ते झालं. बहिणीच्या मुळावर का उठलीस?"

आत्या दोन गल्ल्या सोडून राहत होती, शिवणकाम करून. विधवा झाल्यावर तिने समाजाबाहेरच्या एका रंगाऱ्याशी लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. तेव्हापासून या घरात तिचं नावही कुणी काढत नसे. आता तो रंगारीही राहिला नव्हता. थोरली तिला भेटली ती संशोधनाच्या निमित्ताने, तीही चोरून.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. "वाच, ताई. पण मग मला बहीण म्हणू नकोस."

थोरलीने कागद पिशवीत घातले आणि ती निघाली.

सभागृहाबाहेर सत्राध्यक्षांनी तिला गाठलं. जाडजूड ग्रंथ लिहिलेले गृहस्थ, पण मधल्या रांगेत येऊन बसलेली पंचमंडळी त्यांनी पाहिली होती. "बाई, जे अजून चालू आहे त्याला इतिहास म्हणत नाहीत. जुनं काही असेल तर वाचा."

"ते संपायची वाट बघायची, तर सांगायला कोण उरेल, सर?"

ती वाचायला उभी राहिली. कुणी खाकरत होतं, कुणी मुद्दाम मोठ्याने बोलत होतं. वाचता वाचता ती आत्याच्या तान्ह्या मुलापाशी आली. मूल तापाने गेलं. पुरायला समाजातला एकही माणूस आला नाही. रंगाऱ्याने ते चादरीत गुंडाळून एकट्याने नेलं. कुणी साधं फावडं दिलं नाही, म्हणून त्याने हातांनी माती उकरली.

"खोटं आहे! बंद करा हे!" मोठे पंच ओरडले.

पुढच्या रांगेतले एक संशोधक उठले. "एका बाईच्या सांगण्यावर इतिहास लिहायचा? दुसरा साक्षीदार आहे का?"

"वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले.

"मी आहे साक्षीदार."

मागच्या दाराशी आई उभी होती. लेकीला परत न्यायला आली होती ती.

"फावडं मागायला तो माझ्याकडेच आला होता. परसात होतं. मी नाही म्हणाले."

"वहिनी, खाली बसा!" मोठे पंच गरजले.

"आजवर बसलेच होते, भाऊजी."

संध्याकाळच्या आत मुलाकडच्यांचा निरोप आला. पंचांनी घर वाळीत टाकलं होतं; लग्न मोडलं. धाकटीने खोलीचं दार लावून घेतलं आणि दोघींशी अबोला धरला. परिषदेच्या ग्रंथातून निबंध वगळल्याचंही कळवण्यात आलं; कारण, पुरावा अपुरा.

दुसऱ्या दिवशी आई थोरलीला घेऊन नणंदेकडे गेली. आत्याने शिलाई मशीन थांबवलं नाही.

"तुम्हालाही वाळीत टाकलं, म्हणून आठवण झाली?"

"हो, वन्सं," आई म्हणाली. "नसतं टाकलं तर आज तरी आले असते की नाही, कोण जाणे."

मशीन थांबलं. "तेव्हा कुणाला भ्यालीस एवढी?"

आईने एका बाईचं नाव घेतलं, मग शेजारणीचं, मग जावेचं. बोलता बोलता ती अडखळली. त्या बायकाही तिलाच भीत होत्या, हे तिच्या आता ध्यानात येत होतं.

आत्याने थोरलीकडे पाहिलं. "माझं लिहिलंस. आता हिचंही लिही. नाव घालून."

थोरलीने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लिही," ती म्हणाली. "नाव घालूनच लिही."