अडीच थाउ

डोरीन पेटिग्रूने वाइसच्या शिकंज्यात चामड्याचे दोन तुकडे घातले आणि रायफल आवळली. लाकडी दस्ता आणि नळी तिने आधीच काढून टेबलावर ठेवली होती. उरला होता तो मधला लोखंडी गाभा. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तेवढाच, बाकीचं नुसतं सामान.

“ओरखडा नको पडायला,” अँटन म्हणाला.

“चाळीस बंदुका गेल्यात या हाताखालून. एकीवर दाखव ओरखडा.”

“नाही, आपलं म्हटलं.”

अँटन क्रिझमन शेगडीजवळच्या खुर्चीत, टोपी मांडीवर घेऊन बसला होता. वय एकाहत्तर. त्यातली अडतीस वर्षं कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलामागे गेली. खाण बंद झाल्यावर त्याने घरच्या लेथवर ही रायफल घडवली, दोन हिवाळे खपून. हरणाच्या शिकारीला ती एकदाच नेली, आणि हरीण दिसलं तेव्हा त्याने नुसतं बघून घेतलं, असं त्याची बायको मिल्का साऱ्या गावाला हसत सांगायची.

डोरीनचं बंदुकांचं दुकान होतं आणि राज्याने कायदा केल्यापासून हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं. घरी बनवलेल्या बंदुकीवर नंबर नसेल तर परवाना असलेल्या दुकानदाराकडून तो कोरून घ्यायचा. अक्षर इंचाच्या सोळाव्या भागाहून लहान नको, खोली तीन थाउहून कमी नको. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्यातली माणसं थाउ म्हणतात. डोळ्यांना तो दिसत नाही, नखाला जेमतेम कळतो. आणि नंबरच्या आधी दुकानदाराच्या परवान्याचे आकडे. म्हणजे हौस दुसऱ्याची आणि नाव डोरीनचं. शिवाय येणारा प्रत्येक जण अर्धा तास सरकारला शिव्या घालायचा, तेही तिनेच ऐकायचं. त्रेसष्टाव्या वर्षी, सुजलेल्या पायांवर उभं राहून. वैताग नुसता.

अँटनने मात्र एक शिवी घातली नव्हती. आला, रायफल काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, “हिचं करून दे. थांबतो मी.”

डोरीनने कोरायच्या मशीनवर नंबरची पट्टी लावता लावता त्याच्याकडे पाहिलं. दाढी घोटून केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. अंगात कडक कॉलरचा पांढरा शर्ट. हा शर्ट तिने ऑक्टोबरमध्ये पाहिला होता, मिल्काच्या दफनाच्या दिवशी. आता मार्च, बाहेर बर्फ वितळून गुडघाभर चिखल, आणि हा गृहस्थ इस्त्री करून आलेला.

“कुठे निघालायस नटूनथटून?”

“कुठे नाही.”

“बिस्किट कुठाय? ट्रकमध्ये दिसला नाही.”

“पुतणीकडे दिला. तिच्याकडे कुंपण आहे.”

“अरे, तुझ्याशिवाय जेवत नाही ते कुत्रं.”

“जेवेल. शिकेल हळूहळू.”

डोरीनने पट्टीतला एक आकडा काढला आणि तोच परत बसवला.

“कायद्याची मुदत गेल्या साली संपली. तेव्हा नाही आलास, आज बरी आठवण झाली.”

“अर्धवट काही ठेवायचं नाही मला,” अँटन म्हणाला. “उद्या कोणाच्या हातात पडली, नंबर नाही म्हणून त्याच्यामागे लचांड. लेथ शाळेला दिला. मिल्काचे कपडे चर्चमध्ये दिले. घराचे कागद पुतणीच्या नावावर केले. एवढी एक राहिली होती.” त्याने टोपी मांडीवर फिरवली. “बाकी सगळं झालं.”

डोरीनचा हात मशीनच्या दांड्यावर तसाच राहिला.

सतरा नंबर वॉल्ट डेनिंगचा होता. तीन वर्षं झाली. वॉल्टने इथेच, याच खुर्चीत बसून नंबर कोरून घेतला, दोन विनोद सांगितले, डब्यातला शेवटचा डोनट खाल्ला. तोही म्हणाला होता, चला, हेही एक काम उरकलं. डोरीनने त्याला पिस्तूल कापडात गुंडाळून दिलं, वर ‘जपून जा’ म्हणाली. तीन आठवड्यांनी काउंटीचा माणूस वॉल्टच्या प्रेताशेजारी सापडलेल्या पिस्तुलावरचे आकडे कागदावर लिहून घेऊन आला. हे तुमचेच ना? माझेच, ती म्हणाली. कोणी तिला दोष दिला नाही. त्या माणसाने उलट त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. नंबर अगदी नियमाला धरून होता, स्वच्छ, तीन थाउ खोल. त्या रात्रीपासून तिची झोप जी उडाली ती उडालीच.

नाही, तिच्या मनात आलं. परत नाही.

“कॉफी घेतोस?”

“नको. तू आटप.”

“घाई आहे का काही?”

“घाई कसली?”

ती मशीनसमोरून उठून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. दोन्ही हात ॲप्रनला पुसले, पुसायला काही नव्हतं तरी.

“अँटन, खरं सांग. तू बरा आहेस ना?”

शेगडीत लाकूड तडकलं.

“दमलोय गं,” तो म्हणाला. “दुसरं काही नाही. आंघोळ केली की दमतो, जेवलो की दमतो. सकाळी बूट घालायला बसलो की अर्धा तास त्या एका बुटाकडे बघत बसतो. ती होती तेव्हा ओरडायची आतून. आता कोणी ओरडत नाही.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“डोरीन, मशीन चालव.”

ती परत मशीनशी गेली. नाही म्हणणं सोपं होतं. पण चाळीस मैलांवर दुसरं दुकान होतं, आणि तिथला पोरगेला माणूस मान वर न करता दहा मिनिटांत नंबर कोरून देणारा होता. अँटन तडक तिकडे गेला असता. कोणाला फोन करावा तर हा समोर बसलेला, आणि काय सांगणार? माणसाने पांढरा शर्ट घातलाय म्हणून?

तिने कटर खाली आणला. लोखंडाचा बारीक चुरा उडू लागला. परवान्याचे आकडे, मग आडवी रेघ, मग एक्केचाळीस. हात इतका स्थिर तिचा कित्येक महिन्यांत नव्हता. अक्षरं छापल्यासारखी उमटली. तिने चुरा ब्रशने झटकला, खोली मोजायच्या डेप्थ गेजचं टोक पहिल्या आकड्यात सोडलं आणि डायलवर पाहिलं. काटा चारवर.

“किती?” खुर्चीतून अँटनने विचारलं. जन्माची सवय.

“अडीच,” डोरीन म्हणाली.

“अडीच?”

“अडीच. तीन लागतात.”

“मग परत फिरव.”

“कटरचं टोक गेलंय. फिरवला तर अक्षर फाटेल. नवा मागवायला लागेल.”

“कधी येईल?”

“काय सांगू? आठवडा, पंधरा दिवस. जास्तही लागतील.”

अँटनने कपाळ चोळलं. “दे मग तशीच. घरी खोल करून घेतो.”

“कशावर? लेथ शाळेला दिलास ना?”

“अगं, अर्ध्या थाउने काय आभाळ कोसळतंय?”

“हे तू बोलतोस?” डोरीनचा आवाज चढला. “तू? माझा नवरा वर्कशॉपमधून तुझ्या नावाने बोटं मोडत घरी यायचा. अर्ध्या थाउसाठी त्याचा अख्खा शाफ्ट परत पाठवला होतास तू. तीन वेळा!”

“पाऊण,” अँटन म्हणाला. “पाऊण थाउ होता.”

“पाऊण तर पाऊण. मेला जेवला नव्हता त्या दिवशी.”

अँटनच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि विझलं. तो दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठला.

“बघू दे मला.”

डोरीनला बाजूला होणं भागच होतं. ज्याची बंदूक त्याला माप बघायला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि मापाच्या बाबतीत या माणसाला फसवणं म्हणजे भटारखान्यात जाऊन आचाऱ्याला शिळं खपवण्यातला प्रकार. बोलून गेली ती बोलून गेली. तो ‘चार’ म्हणाला असता तर तिच्याजवळ दुसरं खोटं तयार नव्हतं.

अँटनने खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. पांढऱ्या शर्टाला डाग पडला, त्याचं लक्ष नव्हतं. गेज आधी सपाट भागावर टेकवून त्याने काटा शून्यावर आणला, करायला हवा तसा. मग टोक पहिल्या आकड्यात सोडलं आणि डायलवर वाकला.

त्याने एकच आकडा पाहिला नाही. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. प्रत्येक आकड्यावर गेज उचलून नीट ठेवलं, तेवढाच वेळ थांबला, पुढे सरकला. शेवटच्या एकावर आला तेव्हा त्याने मनगट वाइसवर टेकवून पुन्हा पाहिलं. डोरीन त्याच्या मानेकडे बघत उभी होती. कॉलर मोठी झाली होती त्याला. हिवाळ्यात हा माणूस किती वाळला, हे इतके दिवस आपल्या डोळ्यांना कसं दिसलं नाही, या विचाराने तिला रडू फुटेलसं झालं.

अडतीस वर्षांत अँटन क्रिझमनने खोटं माप लिहिलं नव्हतं. मालक डोक्यावर उभा असतानाही नाही. साऱ्या खोऱ्यात हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

तो सरळ झाला. चष्मा काढला. डोरीनकडे पाहिलं, आणि तिनेही नजर हलवली नाही.

“अडीच,” अँटन म्हणाला.

शेगडीतलं लाकूड खाली बसलं.

“या टोकाला तर दोनच आहे,” तो म्हणाला. “नियमात बसत नाही.”

“नाही बसत.”

“म्हणजे ठेवून घ्यावी लागेल तुला.”

“ठेवून घेते.”

“कटर येईपर्यंत.”

“येईपर्यंत.”

डोरीनने वाइस सैल केला, रायफलचे भाग गोळा केले आणि मागच्या तिजोरीत ठेवले. वहीत नोंद केली. कुलूप लावून परत आली तेव्हा अँटन खुर्चीत बसला होता आणि टोपीने तोंड पुसत होता. हनुवटीवरची जखम पुन्हा ओली झाली होती.

“मघाशी कॉफी म्हणत होतीस,” तो म्हणाला.

तिने कॉफी दिली. मग त्याच्यासमोरच पुतणीला फोन लावला, आणि मग दवाखान्यात, आणि दोन्ही वेळा त्याचं नाव स्पष्ट घेतलं. त्याने अडवलं नाही.

आठवड्याने दुकानासमोर त्याचा ट्रक थांबला, चाकांपासून छपरापर्यंत चिखलाने माखलेला. शेजारच्या सीटवर बिस्किट. अँटनच्या अंगात जुनाच चौकड्यांचा शर्ट होता आणि दाढी दोन दिवसांची. डोरीन गिऱ्हाइकाशी बोलत होती. तो आपणहून आत गेला आणि फळीवरचा कप घ्यायला हात वर केला.

कपाशेजारी कटरचं खोकं होतं. नवं, उघडं, पुरे बारा नग. वरच्या पावतीवर तारीख गेल्या वर्षीची.

अँटनने ते उचललं, तेलाच्या डब्याच्या मागे सरकवलं आणि कप घेतला.

“आले का कटर?” त्याने तिथूनच विचारलं.

“नाही रे अजून.”

“बरं,” अँटन म्हणाला, आणि कॉफी ओतून घेतली.