तुमचं वाण राहिलं

दुर्गजवळच्या प्लांटच्या वसाहतीत, आमच्याच ओळीतल्या गिरजाबाईंच्या क्वार्टरमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. माझी रत्नमाला, सोळा वर्षांची, मॅट्रिकला बसणारी, त्यांना नमस्कार करायला वाकली आणि तिच्या कमरेतून एक डबी निसटली. गडगडत थेट तिळगुळाच्या ताटापाशी जाऊन थांबली. गिरजाबाईंनी ती उचलली, हुंगली आणि हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली.

"गुडाखू! अन्नपूर्णाबाई, पोरगी गुडाखू घासते तुमची?"

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. इथल्या बाया सकाळी उठल्या की बोटानं हिरड्यांना लावतात. आधी डोकं गरगरतं, मग बरं वाटतं, मग त्याच्यावाचून चालत नाही. रत्नाला कुंकू न लावताच आम्हाला उठावं लागलं.

आता गंमत ऐका. हे बोलणाऱ्या गिरजाबाईंचे स्वतःचे दात मिश्रीनं काळेभोर होते. मिश्रीही तंबाखूच, फक्त भाजलेली. पण ती आपल्या नागपूरकडची, म्हणून औषध; आणि गुडाखू इथला, मोलकरणींचा, म्हणून व्यसन! हे मी तिथंच तोंडावर बोलले नाही, याचा मला अजून राग येतो. तो राग मी घरी येऊन पोरीवर काढला. एक थोबाडीत दिली.

गाल धरून ती म्हणाली, "पहिल्यांदा तर तूनंच लावून देल्ला होता, आई."

खरं होतं ते. दसऱ्याच्या सुमारास तिची दाढ ठणकत होती. आमच्यात दाढ दुखली की मिश्री लावतात. घरातली संपली होती, म्हणून भांडी घासायला येणाऱ्या चंपाकडून मी बोटभर गुडाखू मागून घेतला. तंबाखूच तो, काय फरक पडतो, असं म्हणत माझ्याच हातानं चोळला. दाढ आठ दिवसांत बरी झाली. त्यानंतरही पोरगी चंपाकडून डब्या आणवत राहिली आणि मला पत्ता नाही.

बातमी साऱ्या ओळीत पसरली. शाळेत सोबत जाणाऱ्या दोघी मैत्रिणी दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या. नळावर तिचं नाव 'गुडाखूवाली' पडलं. तिनं शाळा सोडली, दारात उभं राहणंसुद्धा सोडलं. आमचे हे प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. तिथंही कोणी टोमणा मारला असणार. जेवताना म्हणाले, "रथसप्तमी झाली का हिले नागपूरले बहिणीकडे धाडून देतो. लोकाईले सांगू, तब्येत बरी नाही."

"अन् मॅट्रिक?"

"इज्जत राहिली तर मॅट्रिक!"

"रत्ना कुठीच जात नाही," मी म्हणाले. "चोरी केली का तिनं? बिमार हाय पोरगी. बिमाराले कोणी लपवून ठेवते का?"

त्यांनी ट्रंक माळ्यावरून खाली काढली.

रत्नानं मात्र कंबर कसली. उरलेली डबी तिनं स्वतःच शेगडीत टाकली. पहिले काही दिवस फार वाईट गेले. डोकं फुटायचं, पोट साफ व्हायचं नाही, भांड्यावर भांडं आपटायची. एकदा ती चंपाचे पाय धरून बसलेली दिसली. "थोडा-सा दे दे, चंपा." चंपा रडत होती, पण देत नव्हती. मला पाहून रत्ना म्हणाली, "आई, मले नाही जमत."

या वेळी मी हात उगारला नाही. तिला खलबत्त्यापाशी बसवलं. बाभळीची साल, मीठ, लवंग समोर ठेवली. "बोट शिवशिवलं का कुटत जाय." ती कुटत राहिली. पंधरा दिवसांत डबाभर दंतमंजन झालं आणि माझ्या डोक्यात एक वेड शिरलं.

रथसप्तमीला माझं हळदीकुंकू. ओळीतली एकूणएक बाई आली. तमाशा बघायला का होईना, आली. दुर्गच्या बाजारातून आणलेल्या छोट्या लाकडी डब्या मी वाण म्हणून वाटल्या आणि मधोमध उभी राहिले.

"यात दंतमंजन हाय. माह्या रत्नानं कुटलं. तिले गुडाखूची सवय लागली होती. आज एकवीस दिवस झाले, तिनं बोट लावलं नाही. अन् सवय लावली कोणं? म्या, या बोटानं. नाव ठेवाचं असन तर मले ठेवा. अन् जिच्या कमरेले मिश्रीची डबी असन, तिनं एक जास्तीची न्या!"

दोघीतिघींचे हात आपोआप कमरेकडे गेले. गिरजाबाई ताडकन उठल्या. "आमाले शिकवून राहिल्या का तुमी?" वाण पाटावर ठेवून त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या. वाण तर वैरिणीचंही कोणी टाकून जात नाही. आता नागपूर पक्कं, असंच मनात आलं.

तेवढ्यात रत्ना आतल्या खोलीतून आली. एका हातात तिनं पाटावरची वाणाची डबी घेतली, दुसऱ्यात माझी कोयरी, आणि तीन आठवडे न ओलांडलेला उंबरठा ओलांडून रस्त्यावर गेली. ड्यूटी सुटली होती, सायकलींची रांग चालली होती.

"गिरजाकाकू! तुमचं वाण राहिलं!"

सगळ्या ओळीनं ऐकलं. गिरजाबाई थांबल्या. सायकली हळू झाल्या. भर रस्त्यात वाण नाकारता येईना, त्यांनी डबी घेतली. रत्ना हलली नाही. तिनं कोयरी पुढे धरली.

"संक्रांतीले माहं कुंकूही राहिलं होतं, काकू. लावून द्या न."

गिरजाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मग बोट बुडवलं आणि लावलं. कुंकू वाकडं लागलं. रत्नानं ते पुसलं नाही. तशीच मान वर करून घराकडे चालत आली. मला रडू आवरेना.

त्या सायकलींत आमचे हेही होते. सायकल भिंतीला टेकवून आत आले, सगळ्या बायांच्या देखत ट्रंक उचलली आणि पुन्हा माळ्यावर सारली. मग हात झटकत म्हणाले, "रत्ने, तुहं दप्तर कुठी हाय?"