घेणारा कुणी नाही

सलूनवाल्या दादाच्या हाताखालून वीस वर्षांत अर्ध्या शहराची डोकी गेली, पण त्याला गंडवलं ते एका टकल्याने. उरलेसुरले चार केस कापायला हा टकल्या दर पंधरा दिवसांनी यायचा. एकदा खुर्चीत बसून म्हणाला, "एका चहाच्या पैशांत पाच शेअर येतात. याहून खाली काय पडणार?"

दादाला ते पटलं. जमिनीवर झोपणारा खाटेवरून कसा पडेल? आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी त्याने आणि धाकट्या बहिणीने निम्मे निम्मे पैसे साठवले होते. त्याने आपले निम्मे उचलले आणि पंचवीस हजार शेअर घेतले. ऑपरेशनला तीन महिने होते. तेवढ्यात दुप्पट करून बहिणीचा भार हलका करू, असं त्याच्या मनात होतं. मन चांगलं होतं हो, अक्कल तेवढी गहाण पडली होती.

महिनाभर भाव चढला. बहीण नर्स, तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादाने तिला फोनवर सगळं शिकवलं: खातं कसं उघडायचं, शेअर कसा शोधायचा, भाव पडला की घाबरायचं नाही, उलट घ्यायचं. "दादा, तुला बरंच कळतं रे," ती म्हणाली. त्या एका वाक्यावर तो आठवडाभर तरंगत होता.

मग एका सोमवारी शेअर पाच टक्के पडला आणि तिथेच थिजला. दिवसाला याहून जास्त पडू द्यायचं नाही, असा बाजाराचा नियम. याला लोअर सर्किट म्हणतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की विकणाऱ्यांची ही रांग आणि घेणारा एकही नाही. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. टकल्या फोन उचलेना, आणि त्याचे चार केस आता कुठे कापले जात होते कोण जाणे.

दादा रोज बाजार उघडायच्या आधी विक्रीची ऑर्डर टाकायचा. त्याच्यापुढे लाखो शेअर आधीच रांगेत असायचे. दिवसभर हातात वस्तरा आणि नजर आरशाखालच्या मोबाइलवर. बाजार मिटला की ऑर्डर आपोआप रद्द. असे सतरा दिवस गेले. बहिणीने विचारलं की तो "झकास चाललंय" म्हणायचा आणि त्याला स्वतःचीच किळस यायची. घरी आई भिंत धरधरून न्हाणीघरापर्यंत जायची. तो तेव्हा मुद्दाम पेपरात डोकं घालून बसायचा.

अठराव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण असताना मोबाइल वाजला. कसा कोण जाणे, दादाचा नंबर लागला होता. पंचवीस हजारच्या पंचवीस हजार विकले गेले! हातात निम्म्याहून कमीच आले, पण आले. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कापलं का कुठे?" गिऱ्हाइकाने घाबरून गाल चाचपला.

"नाही हो. सुटलो एकदाचा," दादा म्हणाला.

अर्ध्या तासाने बहिणीचा फोन आला. "दादा, एक गंमत सांगू? तुझा तो शेअर मीसुद्धा घेतला. सकाळी बघते तर इतका स्वस्त! माझ्याकडचे आईचे सगळे पैसे लावले. पडला की घ्यायचं, तूच म्हणाला होतास ना? आणि एका क्षणात मिळाले बघ."

दादा गिऱ्हाइकाच्या रिकाम्या खुर्चीत बसला. तिने घेतले ते त्याचेच होते का, हे कळायला मार्ग नव्हता. पण घेणारा मूर्ख कोण भेटला, असं मनात येऊन तो मघाशी हसला होता. त्याने घाईघाईने मोबाइलवर भाव पाहिला. रांग पुन्हा लागली होती, आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य.

"उद्या सकाळी लवकर ऊठ आणि विकायला टाक," तो कसाबसा म्हणाला. "रोज टाक. माझे मी आज विकले."

"तू विकलेस?"

पलीकडे दवाखान्यात कुणाला तरी हाका मारत होते, तरी तिने फोन ठेवला नाही.

"दादा," ती शेवटी हळूच म्हणाली, "विकायचं कसं ते सांग ना. ते तू शिकवलंच नाहीस."