तळाचा नमुना
"साडेसहा टक्के राख! काका, माल एकदम फक्कड," म्हणत साहेब अहवाल घेऊन गेले आणि काका खिडकीशी जाऊन उभे राहिले.

एकोणतीस वर्षं ते हेच करत होते. जुन्या टायरांचा दळलेला चुरा यायचा, त्यातला चिमूटभर ते यंत्रातल्या इवल्याशा वाटीत तापवत. आधी हवा बंद ठेवून रबर आणि तेल उडवायचं, मग हवा सोडून काजळी जाळायची. शेवटी उरते ती राख. ती आठ टक्क्यांवर गेली म्हणजे चुऱ्यात माती-वाळू भरपूर. अशा रबराची पट्टी ट्रकच्या चाकावर चढवली तर ती भर रस्त्यात सुटते. कारखान्यात सगळे त्यांना 'राखवाले काका' म्हणत. वरवर ते चिडत, मनातून खूश होत. त्यांची सही झाली की कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे.

आज मात्र घोळ झाला होता. पोत्यात पोकळ सळई थेट तळापर्यंत खुपसायची, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. वाटेतल्या हादऱ्यांनी बारीक धूळ खाली बसते. पण सकाळपासून खांदा असा धरला होता की सळई अर्ध्यावरच अडली. मग काकांनी चाळीसही पोत्यांतून वरवरचाच चुरा उचलला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याची बिनपाण्याने केली असती.

खिडकीखाली तीच पोती पट्ट्या बनवणाऱ्यांकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढत होती. सांगावं तर हात दाखवून अवलक्षण. गप्प बसावं तर कुठल्या तरी ड्रायव्हरचा जीव टांगणीला. भीती त्यांना आधी स्वतःच्या नावाची वाटली, ड्रायव्हरची मागाहून, आणि याचीच त्यांना भयंकर लाज वाटली. ते जिना उतरले.

"ट्रक थांबवा साहेब. नमुना वरचाच होता."

"अहो काका, कशाला उकरून काढताय? कुणाला कळणार आहे?"

"सळई तळाला गेलीच नाही. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही." हे वाक्य त्यांनी बायकोलाही कधी ऐकवलं नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या ताईने नवे नमुने काढले. तिला इथे जेमतेम दोन वर्षं झाली होती. यंत्र दीड तास चाललं आणि काका तेवढा वेळ उभेच होते. सकाळचाच आकडा बरोबर निघू दे, असंही वाटे. निघाला तर उगाच शोभा झाली, असंही वाटे. आकडा आला : बारा पूर्णांक आठ.

"वाचलो, काका," साहेब म्हणाले. मग काकांकडे न बघता, "उद्यापासून नमुने ताई घेतील. अहवालावर दोघांच्या सह्या."

"बरं," काका म्हणाले.

पोती उतरवून झाली. ताईने नवा अहवाल पुढे केला. सहीची वरची ओळ तिने त्यांच्यासाठी मोकळी सोडली होती. काकांनी आकडे एकदा नीट वाचले आणि खालच्या ओळीवर सही केली. मग वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं तू कर गं. नमुना तुझा आहे."