मधल्या तिघी

तुम्ही खोटं लिहिलंत. कचेरीचा शिक्का मारून, टंकलेल्या स्वच्छ अक्षरांत लिहिलंत, की सारी-बुलाक गावच्या बायकांना “वारसा ही मूलभूत कल्पनाच समजलेली नाही”, सबब वाचनालयातले सहा संगणक येत्या गुरुवारी परत न्यावेत. एक जण जरी प्रोग्रामिंगच्या परीक्षेत पास झाली तरी संगणक गावात राहतील, हे वचन तुमचंच होतं. पत्राखालची सही वाचता येत नाही. तशीच करतात ती, नाव लावायची लाज वाटली की.

तर जिला समजलं नाही म्हणता, तिची हकीकत आम्हा गावकऱ्यांकडून ऐका.

बुरुल एक्कावन्न वर्षांची. जन्म नमद्यात, दाबून जाड केलेल्या लोकरीत, गेला. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे, एकाच सुरीनं दोन्ही आरपार कापायचे, मग याचं नक्षीचं शिंग त्याच्या भोकात आणि त्याचं याच्या. एका कापात दोन शिरदाक, म्हणजे नक्षीदार गालिचे, कपटाही वाया नाही. ही बाई मार्चमध्ये बर्फ तुडवत वाचनालयात आली ती उत्सुकतेनं नव्हे. शेगडी तिथे फुकट पेटते म्हणून आली.

शिकवायला कानीमेत, चोवीस वर्षांची, याच गावची लेक. थोरल्या बाईला इथं म्हणतात तसं एजे म्हणत तिनं सांगितलं, “एजे, आधी साचा लिहायचा. साचा म्हणजे वस्तू नव्हे. वस्तू मागितली की त्यातून निघते.”

बुरुलनं दोन बोटांनी टकटक करत शिरदाकचा साचा लिहिला. एक मागितला, आला. दुसरा मागितला, आला. पहिल्याला लाल केला, दुसरा आपला पांढराच. शंभर मागितले. शंभर आले, प्रत्येक वेगळा, आणि साचा होता तसाच शाबूत. ती खुर्चीतून उठली आणि पडद्याच्या मागं जाऊन बघून आली.

“काय शोधताय, एजे? मेंढ्या?” शेजारची झिपार हसली.

“गप गं. नमदा एकदा कापला की संपला. हे कापूनही उरतंय.” झिपारचं हसू तिथंच विरलं.

खरा हादरा सातव्या धड्याला बसला. कानीमेत म्हणाली, एक साचा दुसऱ्याच्या पोटी जन्माला घालता येतो. लेकीजवळ जे नाही, ते ती आईला विचारते. आईजवळ नसेल तर आई तिच्या आईला विचारते.

“आणि मधल्या एखादीजवळ काहीच नसेल तर?”

“तर ती नुसती वर विचारते, एजे. वरून आलेलं खाली देते.”

इथं ज्याला आपल्या सात पिढ्यांचे सात बाप सांगता येत नाहीत त्याला कुणी माणसात धरत नाही. बुरुललाही सातही पाठ होते. पण त्या सातांतल्या एकानंही कधी सुरी धरून नमदा कापला नव्हता. कापणाऱ्या आया होत्या आणि आया कुणी मोजल्याच नाहीत. तिला तिघींचीच नावं ठाऊक. आई सायरा, लाल काठ तिचा. आजी आइमान, पिळाची दोरी तिची. पणजी उमसुनाय, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी तिची. त्याच्या वर नुसता अंधार.

परीक्षेला तुमचा माणूस शहरातून आला. कडक कॉलर, बूट कोरडे. प्रश्न सोपा होता: वारसा दाखवणारा प्रोग्राम लिहा. बाकीच्यांनी प्राणी लिहिला, त्याच्या पोटी मेंढी. बुरुलनं सात आया लिहिल्या. अगदी वर ती, जिनं पहिल्यांदा दोन नमदे एकावर एक ठेवले. कापण्याची कृती तिच्याजवळ. सर्वांत खाली तीन नावाच्या. आणि मधल्या तिघी बिननावाच्या, रिकाम्या. रिकाम्या साच्यात लिहायला कानीमेतनं एकच शब्द शिकवला होता, ‘काही नाही, पुढं चल’ अशा अर्थाचा. तो तिनं तीनदा लिहिला.

मग तिनं एक शिरदाक मागितला आणि त्याला सांगितलं, काप. सायराच्या साच्याला कापता येत नव्हतं. आइमानला नाही. उमसुनायला नाही. त्या तिघींना तर काहीच येत नव्हतं. प्रश्न सगळ्यांच्या हातून वर गेला, आणि पडद्यावर नमदा कापला गेला, शिंगांसकट, काठासकट.

“या तीन कशाला?” परीक्षक म्हणाला. “रिकाम्या आहेत. निरुपयोगी. बघा.” त्यानं त्या तिघींतली मधली पुसली आणि प्रोग्राम चालवला.

पडदा लाल ओळींनी भरला. साधा नमदाही निघेना.

“आं, म्हणजे...” तो कानापर्यंत तांबडा झाला. “खालचीला सरळ वरचीशी जोडलं की झालं, एजे. चालतं.”

“आईला वगळून आजीच्या पोटी यायचं? तुझ्या घरी चालतं का बाळा असं?”

झिपारनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून हसू दाबलं. तो बरोबर होता, हे बुरुललाही कळत होतं. जोडता आलं असतं. पण जोडायला लागलं असतं ना! म्हणजे ती तिथं होती. जिनं स्वतःचं काही न घालता वरचं जसंच्या तसं खाली पोचवलं, ती होती, आणि तिच्याविना सुरी बुरुलच्या हातात आलीच नसती. आजवर हे कुणी तिला दाखवलं नव्हतं. एका यंत्रानं दाखवलं.

तिनं ती ओळ स्वतः परत लिहिली. नमदा पुन्हा कापला गेला. परीक्षकानं वही मिटली आणि चहाला न थांबता गेला.

तीन आठवड्यांनी तुमचं पत्र आलं. “सातपैकी तीन साचे रिकामे.” मोजता येतं तुम्हाला, कबूल. प्रोग्राम त्याच सहांतल्या खिडकीजवळच्या संगणकात आहे. गुरुवारी ट्रक येईल, त्याआधी एवढंच कळवा, आणि या खेपेला वाचता येईल अशी सही करून: तो तुम्ही एकदा तरी चालवून पाहिलात का? हो की नाही?