रिकाम्या झोळीचे वजन

मित्रांनो, मी जुना वजनकाटा. दवाखान्यात वरच्या तुळईला टांगलेला, गोल तबकडीचा, खाली हूक असलेला. तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्यासारख्याच कुणाला तरी लटकून भोकाड पसरून रडले असाल, पण ते तुम्हाला आठवत नसणार. मला मात्र सगळ्यांची वजने आठवतात. त्याचे सुखही नाही, दुःखही नाही. स्प्रिंग वर्षानुवर्षे ताणली गेली की वाटणे कमी होत जाते.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका चष्मेवाल्या कामगाराने मला पाच किलोचे लोखंडी वजन लावले. सुई बरोबर पाचावर थांबली, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हिरवी खूण केली आणि दुसरा काटा उचलला. तेवढेच माझे बारसे.

तिथून मी एका लहान गावाच्या दवाखान्यात आलो. तिथे एक डॉक्टर, एक सिस्टर आणि झाडलोटीपासून बाळांना झोळीत घालण्यापर्यंत सगळे करणाऱ्या मावशी होत्या. रोज सकाळी मावशी मला सुती, पातळ झोळी लावत, डोक्यावरचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणत आणि म्हणत, "हं, आता खरं बोल." मी खरे बोलत असे. बाळ पाव किलोने वाढले तरी आयांचे चेहरे फुलत. सिस्टरांच्या लेखी माझा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. त्या दिवसांत माझा रुबाब होता, हे कबूल करतो.

मग सीमेपलीकडे लढाई पेटली आणि माणसे चालत आमच्याकडे आली. गावाबाहेरच्या मैदानावर तंबू उभे राहिले. दवाखाना तोच, डॉक्टर तेच, काटाही मीच. रांग मात्र दुप्पट झाली. गावातल्या बायका कुरकुरू लागल्या. "दवाखाना आमचा, आणि आम्हीच उन्हात उभ्या." त्यांचेही खोटे नव्हते, त्यांचीही पोरे तापाने फणफणलेली असत. डॉक्टरांनी वेळा वाटून दिल्या. सकाळी गाव, दुपारी छावणी.

तेवढ्याने भागले नाही. कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणारी एक बाई होती. तिचा मुलगा वर्षाचा. ती म्हणाली, "तंबूतल्या पोरांना खरूज आहे. त्यांच्या झोळीत मी माझं पोर घालायची नाही."

डॉक्टर त्या दिवशी नाश्त्याविना पेशंट तपासत होते. ते म्हणाले, "दोन झोळ्या करा. पण भांडू नका."

मावशींनी दुसरी झोळी स्वतः शिवली. तंबूचे उरलेले जाड कापड घेतले, ते दुहेरी केले, कोपऱ्यांना लोखंडी कड्या लावल्या. "आधीच बिचारी घर सोडून आलीत, पोर पडायला नको," असे म्हणत त्यांनी प्रत्येक टाका दोनदा घातला. झोळी अगदी मजबूत झाली. सुती झोळीपेक्षा ती बरोबर चारशे ग्रॅम जड होती.

मावशी सकाळी पातळ झोळी लावून सुई शून्यावर आणत. दुपारी झोळी बदलत, स्क्रूला मात्र हात लावत नसत. तो सकाळीच फिरवायचा असतो, अशी त्यांची सवय होती. शिवाय त्या बाळाला आधी झोळीत घालत आणि मग झोळी हुकाला अडकवत. काढतानाही बाळासकट काढत. जाड झोळी रिकामी टांगलेली कुणी पाहिलीच नाही. छावणीचे प्रत्येक बाळ कार्डावर चारशे ग्रॅमने गुटगुटीत होत गेले. मला ते कळत होते. पण काट्याला जे लटकवाल तेच तो सांगतो, त्यातले बाळ किती आणि कापड किती हे त्याला सांगता येत नाही.

त्या बाळांत एक सात महिन्यांची मुलगी होती. कपाळावर तीळ होता म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणत. तिची आई वाटेत गेली होती, बाप कुठे होता ते माहीत नव्हते. तिला दर मंगळवारी तिची आत्या घेऊन येई. फार अशक्त बाळांना दवाखान्यातून पौष्टिक खाऊची पाकिटे मिळत. पाकिटे मोजकी, म्हणून वजनाची रेघ ठरलेली होती. ठिपकीच्या वयाला ती रेघ सव्वापाच किलोंची होती. तिच्या खाली गेले तर पाकीट, वर असले तर नाही.

पहिल्या मंगळवारी सुई साडेपाचावर थांबली. आत्या म्हणाली, "सिस्टर, ही हलकी झालीय हो. कडेवर घेतलं की कळतं मला."

"काटा खोटं बोलत नाही, ताई. रेघेच्या वर आहे ती. थोडं थोडं पण सारखं भरवत राहा."

पुढच्या मंगळवारी शंभर ग्रॅम कमी. त्याच्या पुढच्या मंगळवारी सुई तिथेच थांबली. आत्या पुन्हा म्हणाली, "हलकीच लागतेय." सिस्टरांनी पुन्हा माझ्याकडे बोट दाखवले. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, इतकेच.

चौथ्या मंगळवारी सकाळी, सुई शून्यावर आणून झाल्यावर, पातळ झोळी एका बाळाने भिजवली. मावशींनी घाईत जाड झोळी पुढे केली. दुकानवालीने नाक मुरडले, पण तिला दुकान उघडायचे होते. तिचा मुलगा झोळीत बसला. सुई सरकली.

"बघा, आठ दिवस जुलाब होऊनसुद्धा माझ्या पोरानं चारशे ग्रॅम अंग धरलं," असे म्हणून तिने मुलाला स्वतःच उचलले आणि झोळी तशीच लटकत राहिली.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. झोळीत कुणीच नव्हते आणि सुई चारशेवर होती.

"सिस्टर, जरा इकडे या," त्या हळूच म्हणाल्या.

सिस्टर आल्या, त्यांनी पाहिले. झोळी काढली, पुन्हा लावली, पुन्हा पाहिले. दुकानवाली विचारत होती, "काय झालं?" मग मावशी म्हणाल्या, "हे आम्ही पोरांचं वजन म्हणून लिहीत होतो."

त्या दिवशी दुपारची रांग लागलीच नाही. मला पिशवीत घालून त्या दोघी छावणीत निघाल्या. दुकानवाली खाऊच्या पाकिटांचे खोके कमरेवर घेऊन मागोमाग आली. तिला कुणी बोलावले नव्हते. तंबूच्या खांबाला मला टांगले. मावशींनी रिकामी झोळी लावली, स्क्रू फिरवला, पण रोजचे वाक्य त्या म्हणाल्या नाहीत. सतरा बाळे रेघेखाली निघाली. प्रत्येकाच्या आईला सिस्टर म्हणाल्या, "चूक आमची होती."

ठिपकी रांगेत नव्हती. तिचा तंबू शेवटचा होता. आत्या दारात बसली होती, मांडी रिकामी. ठिपकीला परवा ताप आला आणि तिच्यात तो सोसायची ताकद उरली नव्हती. सिस्टर जमिनीवर बसल्या आणि झोळीचे सगळे सांगितले, काही न लपवता.

"मी सांगत होते," आत्या म्हणाली.

"हो. तुम्ही सांगत होतात."

आत्याने उशाखालून कार्ड काढले. "यावर खरं लिहा. आणि वाचून दाखवा."

सिस्टरांनी तीन आकडे खोडले आणि शेजारी लिहिले. मग वाचले. "पाच किलो शंभर. पाच किलो. पाच किलो." आत्याने कार्ड परत घेतले. मावशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी पिशवीत होतो. मघाशी म्हणालो की मला काही वाटत नाही, तर त्या दिवशी मला लाज वाटली.

आता सगळ्यांना एकच झोळी असते आणि प्रत्येक बाळाआधी ती रिकामी टांगून बघतात. मित्रांनो, तुमच्यातले कुणी मोठेपणी डॉक्टर होईल, कुणी नर्स. माझ्यासारख्यांना पुसून, तपासून वापरा. पण दिवसभर बाळाला कडेवर वागवणारी एखादी बाई म्हणाली की ते हलके झाले आहे, तर आधी बाळाकडे बघा. माझ्याकडे नंतर बघितले तरी चालेल.